चेहरा उजळ करू नका

सुजाताच्या मामांचा फोन आला तेव्हा मी भांडगावात, घरी, दोरीवरचे कपडे काढत होते. "पोरी, आपली सुजाता गेली गं..." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. ती तापानं दवाखान्यात आहे हे ठाऊक होतं. पण आदल्याच दिवशी तिनं मेसेज केला होता, 'तुझी फाईल पाठव, पडल्या पडल्या बघते.' ती फाईल मी अजून पाठवली नव्हती. थोड्या वेळानं मामांचा पुन्हा फोन. "जलदानविधीचा, श्रद्धांजलीचा बॅनर तूच कर. तुमचं शिक्षणच त्येचं हाय ना." मी हो म्हटलं. धड रडूही येईना. भीती एकाच गोष्टीची होती, तिच्या चेहऱ्याची.

सुजाता निमोण्याची. पुण्यात ग्राफिक डिझाइनच्या वर्गात आम्ही पहिल्या दिवशी शेजारी बसलो ते बसलोच. ती चांगली सावळी, आणि त्याबद्दल तिला काडीचंही वाटत नसे. दहावीला ती शाळेत पहिली आली म्हणून चौकात अभिनंदनाचा बॅनर लागला. पोरीचा फोटो म्हणून दुकानदारानं न विचारता चेहरा असा काही गोरा केला, की तिची आई त्याच बॅनरखाली एसटीची वाट बघत उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "कुणाची गं ही पोरगी? हुशार दिसती." सुजाता हे सांगताना पोट धरून हसायची. मग एकदम हसू थांबायचं. "आईनं मला वळखलं न्हाई. आन् चूक आईची न्हवती. म्हणून तर आले मी हितं शिकायला." आणि लगेच माझ्याकडे बोट रोखून, "माझ्या लग्नाच्या बॅनरवर मला गोरी केलीस ना, तर जेवायलासुदिक थांबू नको. कळलं का, घाबरट?"

घाबरट तर मी आहेच. पहिलं छापील काम रसवंतीचं पोस्टर होतं. स्क्रीनवर माझा हिरवा रंग असा रसरशीत, आणि छापून आला तो शिळ्या मेथीसारखा! सगळा गठ्ठा वाया. सुजातानं फक्त विचारलं, "पट्टी काढली व्हतीस का?" ती सवय तिचीच. शंका येईल तेवढाच तुकडा आधी छापून घ्यायचा आणि बाहेर उन्हात नेऊन बघायचा. पुढं आम्ही मोबाईलवरचं एसटीचं वेळापत्रक केलं, तेव्हा मी नाजूक करडी अक्षरं निवडली. तिनं मला दौंडच्या स्टँडवर नेलं आणि भर दुपारी एका मावशींच्या हातात मोबाईल दिला. मावशी म्हणाल्या, "बंद पडलाय व्हय गं हा?" परत येताना सुजाता म्हणाली, "स्क्रीनला सोताचा उजेड असतो, म्हणून ती आपल्याला फशिवती. मोबाईलवरचं चुकलं तर घरी बसून बदलशील. चौकात लावलेलं कसं बदलणार?"

ते वाक्य डोक्यात घेऊन मी चौफुल्यावरून शिरूरला गेले. फ्लेक्सच्या दुकानातल्या दादांनी फोटो उघडला आणि हात सवयीनं माऊसवर गेला. "ताई, छापल्यावर काळपट येईल. थोडा उजळ करू का?"

"नका! हात लावू नका."

बोलून बसले आणि घाबरले. कारण ते खोटं नव्हते सांगत. फ्लेक्सवर सावळा रंग दडपतो, डोळेच हरवतात. उजळ करावा तर ती सुजाता नाही, न करावा तर नुसता डाग. मी म्हटलं, फक्त चेहऱ्याची पट्टी काढा.

"श्रद्धांजलीच्या बॅनरला कुणी पट्टी काढतं व्हय?"

"ही काढायची," मी म्हटलं. दादांनी मशीन सुरू केलं. पहिली पट्टी रस्त्यावर उन्हात धरली, तर डोळे गेलेले. दुसरी तांबूस, ताप चढल्यासारखी... ती मला बघवेना. प्रत्येक वेळी वाटायचं, तिला विचारावं. मग सावल्या थोड्या मोकळ्या केल्या, गालांचा रंग तसाच ठेवला, आणि पुढची पट्टी बाहेर नेल्यावर ती माझ्याकडे बघत होती.

तरी विधीच्या दिवशी माझा जीव टांगणीलाच होता. विहारासमोर बॅनर लागला आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, तिच्या आईकडे, मावशींकडे पाहत राहिले. मावशी हळूहळू चालत आल्या, थांबल्या. पदरानं डोळे पुसले आणि बॅनरवरच्या गालावरून हात फिरवला. "हीच," म्हणाल्या. मग मात्र मी पोटभर रडले.

काही महिन्यांनी, परवा, पुन्हा निमोण्याला गेले, तर विहारासमोर नुसते बांबू. कुणी फाडला की काय? धावतच तिच्या घरी गेले. सुजाताच्या पलंगावर, तिच्या उशीशेजारी, बॅनरची गुंडाळी होती, जुन्या चादरीत बांधलेली. मी विचारायच्या आधीच मावशी म्हणाल्या, "मीच काढून आणला, बाई. उन्हानं गोरी व्हाया लागली व्हती."