राईएवढा थेंब आणि शंकेखोर सूनबाई

तर काल दुधाच्या मापापाशी थांबलो होतो. दूधवाल्याचं माप खोटं निघेना, तेव्हा आमच्या सूनबाईनं घरचंच माप खोटं ठरवलं, इथपर्यंत. अशी ही शंकेखोर. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पण तिचं काम मला तोंडपाठ आहे, कारण ती ते मलाच सांगते. मुलगा जांभया देतो.

विमानाच्या पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. तो शहाण्या मुलांच्या रांगेसारखा चालला, तर पंख सुखी. वाटेत बारीकसा उंचवटा आला, की त्याच्या मागं हवेला पीळ पडतो आणि कधीकधी पुढं जाऊन सगळी रांग मोडते. ती मोडते का आणि कुठं, हे सूनबाई कॉम्प्युटरवर काढते. त्यासाठी हवेचे लाखो तुकडे पाडून एकेकाचं गणित मांडायचं. त्या तुकड्यांना ती जाळं म्हणते.

मागच्या महिन्यात तिच्या कारखान्यात नव्या पंखाची चाचणी बिघडली. पंखाच्या पुढच्या कडेजवळ वाळलेल्या रंगाचा थेंब सापडला, राईएवढा. साहेबांनी तीस वर्षं काम केलेल्या रंगारीकाकांना घरी बसवलं आणि सूनबाईला म्हणाले, "थेंबानंच रांग मोडली, एवढं गणितातून दाखव."

गणितातून तेच आलं. थेंबामागं वीतभरावर हवा विस्कटलेली. आता अहवालावर हिची सही झाली, की काकांची नोकरी गेली. पण ही चहा गार करत बसलेली.

"बाबा, मागितलेलं उत्तर पहिल्याच फेरीत आलं."

"मग चांगलंच की."

"मांजर दुधाकडं पाठ करून बसलं, की तुम्ही काय करता?"

"पातेल्यावर झाकण ठेवतो."

"तेच करतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं गणितातला थेंब निम्म्या उंचीचा केला. हवा त्याच जागी मोडली. साहेब म्हणाले, "राईचा पर्वत करू नकोस, सही कर." हिनं थेंबच काढून टाकला. पंख अगदी गुळगुळीत, तरी हवा तिथंच मोडली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. बारीक तुकड्यांचं जाळं जिथं एकदम मोठ्या तुकड्यांना जोडलं होतं, त्या शिवणीवरच हवा ठेचकाळत होती. आणि शिवण घातली कुणी, तर हिनंच.

तिनं जाळं नव्यानं विणलं, थेंब पुन्हा पूर्ण उंचीचा बसवला. पीळ पडला, पण पुढं विरून गेला. रांग शाबूत. मी म्हटलं, सुटला रंगारी. छे. कॉम्प्युटरातली हवा फारच शांत असते म्हणून हिनं तिच्यात खऱ्या हवेइतकी थरथर घातली. तरी रांग शाबूत. मग थेंब तिप्पट उंच करून पाहिला, मोडायची तेव्हा तरी मोडते ना म्हणून. मोडली. तेव्हा कुठं सही झाली, आणि साहेब खरा दोष शोधायला लागले.

रंगारीकाका कामावर रुजू होऊन संध्याकाळी आमच्याकडं आले. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, सगळे उलटले, तुझा तेवढा माझ्यावर विश्वास होता."

सूनबाई पाण्याचा पेला पुढं करत म्हणाली, "नाही हो काका. शंका तुमच्यावरही होती. माझ्या जाळ्यावर जरा जास्त होती, इतकंच."