कुमुददीदींचा सुगीचा लिलाव

सदर वस्तीतल्या मराठी चर्चमध्ये घंटेच्या आधी कुमुददीदींचा आवाज पोचतो. राइट टाउनच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण वर्ग सुटला म्हणून छडी सुटली नाही. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणी घरी नवा फ्रिज आणून दानाच्या पिशवीत मात्र फाटकी नोट टाकली, दीदींना सगळं ठाऊक. म्हणून तर सुगीच्या सणाचा लिलाव सतरा वर्षं त्यांच्याच हाती आहे.

त्या दिवशी उपासना झाली की घरोघरची भाजी, फळं, लोणच्याच्या बरण्या वेदीपुढं मांडतात आणि त्यांची बोली लागते. बोली लावणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, नुसता हात वर करायचा. आकडा दीदी म्हणणार. आकड्याबरोबर त्या माणसाची अब्रूही थोडी चढवणार, थोडी उतरवणार. नवऱ्याला बढती मिळाल्यावर मेघनानं साठ रुपयांच्या पपईवर हात आखडला, तर त्यांनी भर चर्चमध्ये तिला विचारलं होतं, बढतीची चिठ्ठी अजून घरी पोचली नाही काय?

यंदा मात्र त्यांना प्रणोतीची काळजी होती. प्रणोती इथल्याच घमापुरची पोर. रविवारच्या शाळेत दीदींनीच तिच्याकडून वचनं पाठ करून घेतली. नर्स होऊन ती आफ्रिकेत, मलावीतल्या एका मिशन दवाखान्यात गेली, त्याला तीन वर्षं झाली. तिचा खर्च ही चर्चची मंडळी उचलते. यंदा समितीनं ठरवलं की लिलावात साठ हजार जमले तर ठीक, नाहीतर नाताळाआधी पोरीला परत बोलवायचं.

हा ठराव सूर्यकांतजींचा. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, समितीचे सचिव, सरळ पण हेकट. महिनाभर भेटेल त्याला ते विचारत होते, सभागृहाचं छप्पर गळून राहिलं अन् आपण समुद्रापार पैसे काहून पाठवायचे? छप्पर खरंच गळत होतं, म्हणून लोकांना ते पटलंही. दीदी घरोघरी जाऊन एवढंच म्हणत होत्या, आपल्या पणजोबांकडं शुभवर्तमान घेऊन समुद्रापारून जे आले, ते काय आधी आपलं छप्पर शाकारून निघाले होते? लोक हसत, चहा पाजत आणि विषय बदलत.

लिलाव तसाच रेंगाळला. शेवग्याच्या शेंगा स्वस्तात गेल्या, मेथी त्याहून स्वस्तात. मग आला सूर्यकांतजींच्या परसातला लाल भोपळा, दोन माणसांनी उचलावा असा. त्यावर पहिली बोली आली चाळीस रुपये. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भोपळा चाळिसात जातो म्हटल्यावर सूर्यकांतजींचे कान लाल झाले. त्यांनी स्वतःच हात वर केला.

बायकांच्या बाजूनं, खांबाआडून दुसरा हात वर आला. यांनी पुन्हा केला. तोही आला. पाचशे, हजार, तीन हजार. बाकीचे हात खाली ठेवून मजा बघू लागले. खांबाआड कोण आहे ते फक्त समोर उभ्या दीदींना दिसत होतं. ती भानुमती होती, सूर्यकांतजींची बायको.

बोली नऊ हजारांवर गेली. दीदींनी "एक" म्हटलं, "दोन" म्हटलं, आणि तीन म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. अजून चार वेळा आकडा चढवला असता तर पोरीचे दोन महिने निघाले असते. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"सूर्यकांतजी, खांबामागून तुमची भानुमती बोली लावून राहिली आहे. फसवून घेतलेलं दान मलावीला काय, घमापुरलाही पोचत नाही. बोली रद्द."

चर्च हसून हसून लोटपोट झालं. सूर्यकांतजी मात्र हसले नाहीत. ते उठले, खांबाला वळसा घालून बायकोसमोर उभे राहिले.

"तू काहून बोली लावत होतीस?"

भानुमतीनं पदर सावरला. "माझं मांडीचं हाड मोडलं तेव्हा प्रणोती दीड महिना मला उठवत-बसवत होती. तिला कोणी बोलवलं नव्हतं जी. तिथंही कोणी अशीच पडली असेल."

सूर्यकांतजी दीदींकडं वळले. मग म्हणाले, "नऊ हजार लिहा दीदी. आता दोघांना माहीत आहे."

त्यानंतर लोकांना काय झालं कोण जाणे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन बँकवाले भांडले. मेघनानं कुणी न सांगता पपई घेतली, तीही हात न आखडता. सामान संपायच्या आत साठ हजार पार झाले, आणि दीदींचा आवाज पार बसला.

त्यांनी मलावीला फोन लावला. पलीकडून प्रणोती "हॅलो, दीदी?" करत राहिली, इकडं घशातून नुसती हवा निघत होती. शेवटी दीदींनी फोन सरळ सूर्यकांतजींच्या हातात कोंबला.

ते दोनदा खाकरले. "बेटा," ते म्हणाले, "इतक्यात परत यायचं नाही. चलो, जेवलीस काय?"