अलार्म लावू नका, माय आहे

शाळेतल्या आम्हा मास्तरलोकांचं किनवटच्या डोंगरात सहकुटुंब कॅम्पिंगला जायचं ठरलं, तेव्हा मी मायलाही न्यायचं म्हणालो. किल्लारी सोडून माझ्याकडे नांदेडला आल्यापासून ती दवाखाना अन् लग्नं सोडून कुठं गेलीच नव्हती.

"डोंगरात काय हाय?" तिनं विचारलं.

"जंगल हाय. झाडं."

"लाकडं आणायची का?"

"न्हाई गं. बघायची."

"झाडं बघायला एवढ्या लांब? डोकं फिरलं का रं तुमचं?"

आली मात्र. तिला नेण्यात माझाही थोडा स्वार्थ होता. कॅम्पचं मुख्य आकर्षण म्हणजे कड्यावरचा सूर्योदय; त्यासाठी पाचला निघायचं होतं. आणि माय तर गेली तीसेक वर्षं रोज साडेतीनला उठते. भूकंपात आमचं माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर पहाटे बसलं, धाकटी बहीण त्याखाली गेली, तेव्हापासून. उठायचं, दार उघडायचं, अंगणात खुर्ची टाकून उजाडेपर्यंत बसायचं. कारण आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सवय झाली की माणूस कशाचंही कौतुक करतो. वर्गात मी पोरांना सांगायचो, "माझी आई बघा, या वयात ब्राह्ममुहूर्तावर उठते!"

पहिला दिवस सागाच्या जंगलात चालण्यात गेला. कॅम्पवाला एकदम शुद्ध बोलणारा गडी. "इथली शांतता अनुभवा," असं तो आम्हाला माईकवरून सांगायचा. हेडमास्तर दर वळणावर कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेत होते. एका टोकावरून खालची सगळी दरी दिसली. आम्ही वा वा केलं. मायनं पदर डोक्यावर ओढला अन् विचारलं, "एवढं रान कुणाचं पडीक पडलंय रं?"

संध्याकाळी तंबू बघून मात्र ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली. भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही तंबूतच काढले होते. "लई हौस बाबा तुम्हाला," एवढंच म्हणाली अन् आत जाऊन आडवी झाली. बायको-पोरी शेजारच्या तंबूत, मी मायजवळ. झोपण्याआधी मी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "अलार्म कुणी लावू नका. माय आहे."

मला जाग आली तेव्हा तंबू उन्हानं तापला होता. शेजारी माय तोंडावर पदर घेऊन निपचित पडलेली. मी हात तिच्या नाकाशी धरला. तेवढ्यात ती घोरली.

बाहेर गोंधळ चालला होता. "अहो सर, सूर्य डोक्यावर आला! तुमच्या भरवशावर झोपलो ना आम्ही," हेडमास्तर चिडले होते. कॅम्पवाला सगळ्यांना उठवायला शिट्टी तोंडात घालून निघाला. मी ती त्याच्या तोंडातून काढूनच घेतली.

"आवाज केलात तर बघा," मी म्हणालो. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण असा आवाज मी वर्गातही कधी लावला नव्हता. मग सगळ्यांनी कुजबुजत पोहे खाल्ले. कॅम्पवाल्याची शांतता अखेर तेव्हा कुठं अनुभवायला मिळाली.

साडेनऊला माय बाहेर आली. वर बघितलं अन् ओशाळली.

"अगं बया! उठवायचं न्हाई का रं? लोक सुर्व्या बघायला आलते ना?"

"असू दे गं. झोप लागली का?"

"लागली बाबा. लई लागली." तिनं तंबूचं कापड चिमटीत धरून बघितलं. "वर कापडच हाय की. पडलं तरी काय पडणार?"

नांदेडला मायच्या खोलीवर मी गेल्याच वर्षी दुसरा मजला चढवला होता. वास्तुशांतीला आलेल्या सगळ्यांनी त्या स्लॅबचं कौतुक केलं होतं. मायनंही केलं होतं.