एका शीटवर बसलेलं स्टेशन

चौकाखालच्या स्टेशनात रोज लाखभर माणसं उतरतात. त्यातली निम्मी टपाल कचेरीसमोरच्या जिन्याने उतरतात, आणि तो जिना तिथेच का आहे हे त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. नसतं तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं.

तो जिना माझ्या काकाने काढला. काढला म्हणजे कागदावर. काका मेट्रोच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. साहेबांनी ठरवायचं, मजुरांनी खणायचं आणि मधल्या कागदावरच्या रेघा काकाने ओढायच्या, असा सगळा कारभार. कचेरीत त्याला ‘पट्टी’ म्हणत, आणि ते काही उगाच नाही. घरात भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी हा गृहस्थ ते सरळ केल्याशिवाय जेवायला बसत नसे.

बाबा त्याचे मोठे भाऊ. आजोबा अचानक गेले तेव्हा बाबा पंधरा वर्षांचे होते आणि काका सातचा. चौकाच्या कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडं ठेवायचं तर कुणीतरी शाळा सोडायला हवी होती. बाबा जाऊन स्टुलावर बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि पुढची साठएक वर्षं तिथून उठले नाहीत. घरात एकानेच शिकायचं तर धाकट्याने शिकावं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. काकाची पहिली कंपासपेटी त्यांनीच आणली. ती पेटी काकाने शेवटपर्यंत वापरली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं मला फार सापडत नाही.

स्टेशन व्हायच्या आधी चौकात एक गोल बाग होती आणि बागेत कधीच न उडणारं कारंजं. भोवती टपाल कचेरी, कोर्ट, नाट्यगृह आणि आमचा कोपरा. या सगळ्याच्या पोटात दोन मजले खणायचे होते. वरच्या मजल्यावर आठ खांबांचा तिकीट हॉल, खालच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना रूळ असलेला एकच लांब फलाट. हॉलमधून वर यायला चार जिने. पहिले तीन कुठे यायचे ते जमिनीनेच ठरवलं होतं. चौथा मात्र टपाल कचेरीसमोरही येऊ शकत होता आणि आमच्या कोपऱ्यावरही. खडक तोच, अंतर तेच, खर्च तोच. मोठे साहेब वैतागून म्हणाले, “दोन्ही सारखंच आहे रे. कागदावर जे नीट बसेल ते घे.”

काकाने आधी पेन्सिलीने आमच्या कोपऱ्याचा जिना काढून पाहिला. तो शीटच्या खालच्या उजव्या अंगाला यायला लागला. आता प्रत्येक नकाशाच्या त्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटलची. कामाचं नाव, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं हे सगळं त्यात लिहितात, आणि ती हलवता येत नाही. जिना त्या चौकटीत घुसत होता. म्हणजे शेजारी दुसरी शीट जोडणं आलं. आणि जोडलेल्या शीटला त्या कचेरीत ठिगळ म्हणत. काकाच्या एकाही नकाशाला तोवर ठिगळ नव्हतं. त्याने खोडरबर फिरवलं आणि जिना टपाल कचेरीकडे नेला. स्टेशन एका शीटवर झकास बसलं. आमचं दुकान टायटलच्या चौकटीखाली गेलं, जिथे काकाची सही आहे तिथे.

पुढे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. कुणीतरी शेरा मारला, ‘दुसरा पर्याय तांत्रिक कारणास्तव वगळला.’ मग तर काय, शेऱ्याला कोण विचारतंय! त्या तांत्रिक कारणावर सात जणांच्या सह्या झाल्या.

चौकाभोवती पत्रे ठोकले गेले आणि सहा वर्षं नुसती धूळ. घड्याळाला धुळीइतकं वाईट काही नाही. बाबा काम करताना अंगावर ओली चादर घेऊन बसत, तंबूतल्या माणसासारखे. आई कातावली की ते म्हणत, “उडू दे गं धूळ. धाकट्याने काढलंय ते स्टेशन. उद्या जिना चढून माणूस वर आला की पहिलं तोंड माझं बघणार.” कारण बाबा धरूनच चालले होते की जिना आपल्या कोपऱ्यावर येणार. विचारायचंच नाही. सख्ख्या भावाने काढलेलं स्टेशन, ते काय दुसऱ्याच्या दारात उघडेल?

काकाने दुकान मुद्दाम टाळलं नव्हतं. ते त्याला त्या वेळी आठवलंच नव्हतं. पत्रे ठोकल्यावर आठवलं, आणि तेव्हापासून तो आमच्याकडे जेवायला आला की मान खाली घालून जेवायला लागला. एका रविवारी बाबांनी जाहीर केलं की नवी पाटी करायला टाकली आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं, ‘स्टेशनसमोर’. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. काकाला ठसका लागलेला मला आठवतो. बाबांनीच त्याची पाठ चोळली.

“दादा, पाटीची घाई कशाला?” एवढंच तो म्हणाला.

“घाई? सहा वर्षं झाली की रे!”

कचेरीतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम होता म्हणे. त्या नियमाआड काका पत्रे निघेपर्यंत लपला.

पत्रे निघाले त्या सकाळी आम्ही सगळे पाटीखाली उभे होतो. जिना होता, टपाल कचेरीसमोर. आमच्या पुढ्यात स्टेशनातली हवा बाहेर फेकणारी जाळी होती, आणि रस्ता कुणी ओलांडू नये म्हणून कमरेइतकं रेलिंग. चौकातली सगळी पावलं जमिनीखाली गेली. बाबा बराच वेळ जाळीकडे बघत राहिले. मग भावाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“वरच्यांनी ऐन वेळी बदललं असणार. तुझं काय चालणार तिथे! मनाला लावून घेऊ नकोस, धाकट्या.”

आणि काकाने मान हलवली. हो म्हणाला. त्या एका मान हलवण्याचा मला आजही संताप येतो.

दुकान एका दिवसात बसलं नाही. आधी घाईत पट्टा बदलून घेणारे गेले, मग घड्याळाला किल्ली देऊन घ्यायला डोकावणारे. राहिले फक्त जुने, जे बाबांशी गप्पा मारायला यायचे. पाटी बाबांनी काढली नाही. आमच्या वर्गातली मुलं मला ‘स्टेशनमागे’ म्हणून चिडवायची. संध्याकाळी जाळीतून गरम हवा आली की बाबा म्हणत, “बघ, तुझा काका फुंकर मारतोय.” ते हसत. मला हसू येत नसे.

एकदा काका बाबांना स्टेशन दाखवायला घेऊन गेला, मीही होते. सगळं सांगून टाकायचं असं तो घरून ठरवून निघाला होता, हे त्याने मला पुढे सांगितलं. बाबा आठही खांबांना हात लावून आले. “एकही तिरका नाही हं,” म्हणाले. टपाल कचेरीच्या जिन्यापाशी काका थांबला. “दादा, हा जिना...” बाबांनी मध्येच विचारलं, “आणि तो तिकडचा भुयारी रस्ता असा वाकडा का रे?” तिथे खणताना जुनं दगडी गटार लागलं होतं. ते फोडता येईना म्हणून रस्ता वळवला होता. काकाने अर्धा तास त्या गटाराची कुळकथा सांगितली. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. जीभ रेटेना, आणि बाबा तर प्रत्येक वेळी स्वतःच विषय बदलून त्याला सोडवत. निघताना त्यांनी तिकिटाच्या खिडकीवरून स्टेशनचे घडीचे छापील नकाशे मागून घेतले, आणि धाकट्याला सांगितलं, “असे आणखी मिळाले तर आणत जा.” काका आणत राहिला. दादाला माझं कौतुक, असं त्याला वाटायचं.

स्टेशनला एकतीस वर्षं झाली तेव्हा बाबा गेले. महिन्याभराने मी दुकान रिकामं करत होते. दुपारी काका आला, बगलेत नकाशाचं नळकांडं. त्याने काउंटरवर ती पहिली शीट उलगडली. खोडलेल्या जिन्याच्या पेन्सिलीच्या खुणा अजून दिसत होत्या. तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं.

“एक कागद जोडायचा होता ना, काका?”

“हो गं. एकच.”

“आणि बाबांना सांगितलं का नाहीस? त्यांनी काय खाल्लं असतं तुला?”

“तेच तर. काही म्हणाला नसता तो,” काका म्हणाला. “ते मला सोसलं नसतं.”

माझा नुसता भडका उडाला. बोलायला नको ते बोलले. हात रिकामे राहवेनात म्हणून काउंटरखालचा खण ओढला, तर त्यात ते घडीचे नकाशे, चाळीस. छापील नकाशा टपाल कचेरीपाशी संपत होता. बाबांनी प्रत्येकाच्या कडेला डिंकाने कागदाची एक पट्टी चिकटवली होती. तिच्यावर त्यांच्या बारीक हाताने पुढची वाट काढलेली, जिन्यावरून उजवीकडे, कोर्टाला वळसा, रेलिंग संपतं तिथे ओलांडा. शेवटी एक चौकोन, ‘दुकान’. खाली ‘पावलं २१२’. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, पुढच्या खेपेला वाट सापडावी म्हणून, ते एकेक देत असणार.

काकाने एक नकाशा उचलला आणि जोडावरून बोट फिरवलं. छापलेली रेघ आणि बाबांची रेघ, कुठे सांधा लागत नव्हता.

“दादाने जोडला की गं,” तो म्हणाला. स्टुलावर बसला. मग त्याने विचारलं, “यातला एक मी नेऊ?”

“नको,” मी म्हटलं. “ते गिऱ्हाइकांसाठी आहेत.”

त्याने नकाशा होता तसा खणात ठेवला, कडा जुळवून, आणि गेला. पुढच्या वर्षी तोही गेला. चाळीसच्या चाळीस माझ्या कपाटात आहेत. एकच कागद मागितला होता त्याने, आणि मी दिला नाही.