पार्सलमामांचा पिवळा ठोकळा

बायकोच्या माहेरी मी पहिल्यांदा जे तोंडात घातलं, ते लाकूड होतं.

मुलगी पाहायला साताऱ्याहून मिरजेला गेलो होतो. सोबत थोरले चुलते. चष्म्यात मी घोडनवरा दिसतो असं आईचं मत, म्हणून दाराबाहेरच चष्मा काढून खिशात घातला होता. समोर बशी आली. बशीत पिवळ्या वड्या होत्या, एवढं रंगावरून कळलं. सगळ्यांत वरची उचलली आणि चावली. दात रुतले आणि तिथंच अडकले. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. म्हटलं, गुळाची असेल, पाक जरा पुढे गेला असेल.

"कशी काय हाय वडी?" मुलीच्या मामांनी विचारलं.

मी दात सोडवून घेत म्हणालो, "छान आहे. किंचित कडक आहे, पण चवीला चांगली आहे."

चुलत्यांनी माझ्या हातातली वस्तू घेतली, उलटसुलट केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे गाढवा, हा ठोकळा आहे. पोरांच्या खेळण्यातला."

मामा इतके हसले की टोपी मांडीवर पडली. "आवं, ह्या ठोकळ्यांचं आमी आजवर कायबाय केलं, पन वडी कुनी केली न्हवती!" मग त्यांनी खरी वडी पुढे केली. सुटलो एकदाचा, असं वाटून मी ती खाल्ली, वर आणखी एक खाल्ली. लोण्यासारख्या लागल्या.

हे मामा मूळचे पाटणकडचे, मिरज स्टेशनात पार्सल ऑफिसचे कारकून. सगळी मिरज त्यांना पार्सलमामा म्हणे. मुलीचे वडील ती लहान असतानाच गेलेले, त्यामुळे ती मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली आणि तिच्या लग्नात शब्द चालायचा तो मामांचा. ठोकळ्यांची पेटी त्यांनी बेवारशी पार्सलांच्या लिलावातून आणली होती. विलायती माल, तांबडे, पिवळे, निळे लाकडी ठोकळे, चार खांब आणि एकच कमान. पेटीला झाकण नव्हतं. झाकणावर चित्र असणार, पण ते वाटेत कुठल्याशा स्टेशनावर राहून गेलं. या ठोकळ्यांतून नेमकं काय बांधायचं असतं, हे त्यामुळे त्या घरात कधीच कुणाला कळलं नाही.

मामांना त्याचं भारी समाधान होतं. "चित्र आलं असतं तर एकच घर झालं असतं," ते म्हणत. कमान उलटी ठेवली की ती पाळणा व्हायची, नाव व्हायची, उंटाचं खोगीर व्हायची. आडव्या खांबावरून गाडी जायची, तोच खांब उभा केला की गाडीचा गार्ड व्हायचा. ठोकळे पेटीत क्वचितच असत. एखादा दाराला अटकाव म्हणून, एखादा टपालावर वजन म्हणून, एखादा मामींच्या पोळपाटाखाली. मामींना लाटणं सापडलं नाही, तर त्या आधी मामांच्या बांधकामात बघत.

कारण ठोकळे घरभर गेले, तसं घरही ठोकळ्यांत यायचं. पार्सलांवरची शिशाची सिलं म्हणजे किल्ल्यावरचे तोफगोळे. सतारवाल्यांच्या गल्लीतून मोडक्या खुंट्या आणल्या की गिरणीची धुराडी तयार. एकदा तर फुटक्या तंबोऱ्याचा अर्धा भोपळा पालथा घालून त्यांनी विजापूरचा गोल घुमट उभा केला आणि आत तोंड घालून भाचीला "इंदेऽऽ" अशी हाक मारली. आवाज घुमला म्हणतात. मामी म्हणत, भोपळ्यात तोंड घातल्यावर काहीही घुमेल.

कुठलीही वस्तू हातात आली की मामा तिला जिवंत माणसासारखं विचारत, "बाई, तू आनखी काय हुशील?" हाच प्रश्न त्यांनी भाचीलाही विचारला होता. ती म्हणाली होती, "मास्तरीण." तिचं ट्रेनिंग सांगलीला झालं, आणि मग स्थळं पाहताना मामांची खरी कसोटी सुरू झाली.

कसोटी म्हणजे तीच पेटी. येणाऱ्या प्रत्येक मुलासमोर ती सरकवायची आणि म्हणायचं, "फराळ येस्तवर कायतरी बांधा." एकानं चौरस बंगला बांधला आणि उरलेले ठोकळे "हे जास्तीचे आहेत" म्हणून परत दिले. एक वकील होता. मामांनी कमान उलटी ठेवलेली पाहून त्यानं ती सुलटी केली आणि कमान अशीच ठेवतात म्हणून समजावून सांगितलं. तिसऱ्यानं पेटीला हातच लावला नाही. हा काय पोरखेळ, म्हणाला. तिघांनाही नकार गेला. नातेवाईक चिडले. मामांचं म्हणणं एवढंच, "जो कमानीला नाव हू देत न्हाई, तो आमच्या इंदीला मास्तरीण काय हू देनार?"

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी वड्या खाऊन झाल्यावर मी आपला बशीशेजारच्या पेटीकडे हात नेला, तर मामांनी ती बाजूला ओढली. "ऱ्हाऊ द्या. तुमचं झालं." चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण न दिसताही कळला.

मग मुलगी आली. चष्मा खिशात असल्यामुळे मला फक्त हिरवी साडी दिसली. आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. "मला नोकरी करायची आहे. चालेल का?" चुलते खाकरले.  म्हणालो, "आमच्या घरापासून मुलींची शाळा जवळच आहे. पावसात छत्रीसुद्धा लागत नाही." हिरवी साडी हसल्यासारखी वाटली. त्या क्षणी मला कळलं, की हीच मुलगी पाहिजे, आणि आपण लाकूड खाऊन ती घालवली.

परतीच्या वाटेवर चुलते एकदाच बोलले. "घरी उपाशी ठेवतो का रे आम्ही तुला?"

पुढचे दिवस मी कचेरीत नुसता बसून काढले. टपाल आलं की छातीत धडधड, नाही आलं की जास्त. आणि एके दिवशी टपाल नव्हे, मिरजेहून पार्सल आलं. शिशाच्या सिलासकट. उघडलं तर आत नारळ, सुपारी आणि पिवळा ठोकळा. ठोकळ्यावर माझ्या दातांच्या खुणा आणि खुणांवर हळदकुंकू. घरी आईनं देवापुढे दिवा लावला. मी पहिल्यांदा चष्मा लावून त्या खुणा नीट पाहिल्या. त्यातला एक दात आता माझ्या तोंडात नाही, ठोकळ्यावर आहे.

लग्न झालं, ही शाळेत लागली, लढाईही संपली. मिरजेला गेलो की मामा कुणालाही धरून माझी गोष्ट सांगत, "आमच्या जावयानं ठोकळ्याची वडी केली!" मी कसनुसा हसायचो. मनात खुपायचं, की मामांनी मला मोठा कल्पक समजून मुलगी दिली, आणि मी तर निव्वळ भुकेला आणि आंधळा.

मामा पेन्शनीत निघाले. क्वार्टर सोडून पाटणकडे गावी जायचं ठरलं, म्हणून आम्ही दोघं निरोपाला गेलो. परतताना आम्हाला गाडीत बसवायला ते स्टेशनात आले. खिडकीतून त्यांनी ठोकळ्यांची पेटी हिच्या मांडीवर दिली. "पोरांस्नी दे. झाकन शोधू नका."

मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, मी फसलो आसं वाटतंय न्हवं तुमास्नी? गडी गमतीनं चावतो तवा दात जपून चावतो. तुमी चावलासा भुकेलेल्या मानसासारखं."

छातीवरचा धोंडा उतरला. "मग होकार कसा दिलात?"

"लाकूड चावलं, तरी रांधनारीला नाव ठेवलं न्हाई तुमी. म्हटलं, हितं आमची इंदी टिकंल. तिच्या हातचं खाल्लंय मी."

"पण मामा, त्या दिवशीच्या वड्या किती मऊ होत्या!"

"इंदीच्या? मऊ?" मामांनी हिच्याकडे पाहिलं. ही पेटीत काहीतरी शोधू लागली.

"आणि बशीत तो ठोकळा तुम्हीच ठेवला होता ना?"

"छ्या! मला वाटलं, पेटीतनं तुमीच उचललासा."

तेवढ्यात गाडी हलली. मामा प्लॅटफॉर्मवर टोपी हातात घेऊन उभे राहिले, लहान लहान होत गेले, आणि कुठल्याशा खांबाआड गेले. हिनं डोळे पुसले. पेटी मांडीवर सारखी केली. मग, बाहेर बघतच म्हणाली,

"अहो, पाक पुढे गेला होता त्या दिवशी. वड्यांचे नुसते दगड झाले होते, आणि परत करायला गूळ नव्हता. तेवढ्यात तुम्ही दाराबाहेर चष्मा काढून खिशात घातलात, ते मी खिडकीतून पाहिलं. मामींच्या पोळपाटाखालचा ठोकळा काढला, धुतला आणि बशीत सगळ्यांत वर ठेवला. म्हटलं, आधी लाकूड चावलं, की माझी वडी मऊ लागेल."