खोलीबाहेरचं गाणं

रेकॉर्डिंग चालू असताना मार्थामावशींनी मधेच हेडफोन काढून मांडीवर ठेवला. चर्चच्या गायनवृंदात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्या खोल, भरदार आवाजासाठीच मी हे ‘सोल’ या पाश्चात्त्य शैलीतलं गाणं बांधलं होतं. ‘दुखेल तिथे मी जात नाही’ हे त्याचं धृपद.

“कुणावर लिहिलंस रे हे?” त्यांनी विचारलं.

“कुणावर नाही. सहज.”

“माझा मुलगा गेला ना, त्यानंतर चार वर्षं मी त्याच्या आवडीचं मटण केलं नाही. वाटलं, दुःख टळेल. नुसतं मटण टळलं.”

तेव्हा मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज दवाखान्यात जायचो, पण त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हतो. औषधं आणायचो, आईचा डबा आणायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. दुःख टाळायला निघालेला माणूस बहुतेक वेळा माणसंच टाळत राहतो.

मावशींनी माझी समजूत घातली नाही. “मग हेच लिही की,” एवढंच म्हणाल्या. तिथेच बसून मी दुसरं कडवं बदललं. ते गाताना ‘बाक’ या शब्दावर त्यांचा आवाज किंचित फाटला. आम्ही तो तसाच राहू दिला.

रविवारी आईला गाणं ऐकवलं. संपल्यावर ती म्हणाली, “ते रोज विचारायचे, ‘बाहेर बसलाय का तो?’ मी हो म्हटलं की शांत झोपायचे.”