लाँड्रीवाल्या बाईंच्या कपातली साय

आयुष्यभर मी लोकांचे केस कापले आणि कापता कापता त्यांच्या घरातल्या भानगडी काढून घेतल्या. कोणाची सून रुसली, कोणाचं जमता जमता फिसकटलं, सगळं माझ्या खुर्चीतून गावभर व्हायचं. टकलू पोस्टमनच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी तो रोज दुकानात येऊन बसतो, तो या बातम्यांसाठीच. म्हणून बायको गेल्यावर काही वर्षांनी लाँड्रीवाल्या बाईंबरोबर चहाला जायचं ठरलं, तेव्हा मी मुलीला बजावलं, "यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये."

"बाबा, बाहेर नेणारे आपल्या घरात तुम्ही एकटेच आहात," ती म्हणाली.

बाई मला मनापासून आवडायच्या. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण त्या न सांगता लावून द्यायच्या. पण या वयात आपलं हसं होणार, ही धास्तीही होती. मी दुकानापासून लांबचं हॉटेल शोधलं, मिशीला कलप लावला, त्यातला निम्मा ओठालाच लागला, आणि खांबाआडचं टेबल पकडलं.

बाई आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मिशी काळी केलीत होय?"

म्हणाल्या कसल्या, दवंडीच पिटली. गल्ल्यावरच्या माणसानं मान वर केली. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं आणि त्यामागून उगवला टकलू!

घाबरलो की माझे हात आपोआप चालतात. चहा येताच मी बाईंच्या कपातली साय चमच्यानं उचलली आणि खाऊन टाकली.

"अहो, माझी साय खाल्लीत तुम्ही!"

आता आतला आचारीही बाहेर आला.

"आमच्या हिला साय चालायची नाही," मी पुटपुटलो. "तिच्या कपातली मीच काढायचो. हाताला तीच सवय."

मग बाई त्यांच्या मते हळू, म्हणजे फार तर रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ऐकू यायचं नाही. ते गेले, पण माझा घसा अजून त्यांच्याशीच बोलतोय."

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मला डोळे पुसावे लागले आणि मिशीचा कलप रुमालाबरोबर गालभर झाला.

उठताना त्यांनी विचारलं, "परत भेटायचं का?"

कपबश्या वाजायच्या थांबल्या. टकलू खुर्चीच्या काठावर सरकला. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण इतकी वर्षं ओरडून संसार केलेल्या बाईला चोरून उत्तर कसलं द्यायचं?

"भेटायचं!" मी टकलूकडे बघत ओरडलो. "आणि साय तुमची!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत टकलू दारात हजर. "केस कापायचेत," म्हणाला आणि खुर्चीत बसला. मीही त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, हवेत कात्री चालवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मिशीचं तेवढं गाळलं. ते त्यानं गावभर स्वतःच सांगितलं.